पांढरधारेमागची गुहा

पुढं जे काही घडलं त्याला मी जबाबदार नाही, नळ जबाबदार आहे.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही हर्सूलला घर बांधलं तेव्हा कॉलनीत नळच नव्हता. टँकर यायचा. तो येईपर्यंत आम्ही बाया हंडे ओळीनं लावून तासन् तास उभ्या. बाईला इतका वेळ उभं ठेवलं की ती माहेरावर येते. शेजारच्या वच्छलाबाई तर रोज यायच्या. "आमच्या सिल्लोडच्या मळ्यात अशी विहीर हाय साळूताई, दिवसभर मोटार चालू ठेवा, पाणी वीतभर उतरायचं नाय!" एकदा ऐकलं, दहादा ऐकलं. अकराव्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "विहिरीचं काय सांगता वच्छलाबाई. आमच्या माहेरी धबधबा हाय."

सगळी ओळ माझ्याकडं वळली. आता वळलेल्या ओळीला तसंच कसं सोडायचं? मी सांगत गेले. सोयगाव तालुक्यात आमची निमवाडी, वाडीच्या वरच्या जंगलात पांढरधार. घोड्याच्या तोंडासारखा खडक, त्याच्यावरून पाणी पडतं. पडणाऱ्या पाण्याच्या मागं गुहा. आम्ही पोरी तिथं न्हायचो आणि मग गुहेत बसून केस विंचरायचो, समोर पाण्याचा पडदा. वच्छलाबाईंची विहीर त्या दिवशी आटली ती आटलीच.

आता खरं काय ते सांगते. पांढरधार आहे. आमच्याच जंगलात आहे. फक्त मी ती पाहिलेली नव्हती. आमचे तात्या पोरींना शिवेवरच्या आंब्यापलीकडं पाऊल टाकू देत नसत. जायचा तो माझा धाकटा भाऊ कडुबा. ओल्या डोक्यानं परत यायचा, चुलीपुढं बसायचा आणि घोड्याचं तोंड, गुहा, पडदा सगळं सांगायचा. मी भाकरी थापत ऐकायची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मी निघून आले. तर मी सांगितलं ते सगळं ऐकलेलं होतं. ऐकलेलं सांगणं म्हणजे खोटं असेल तर पोथी सांगणारे सगळे महाराज आमच्या कॉलनीमागच्या हर्सूल जेलात दिसले असते.

बावीस वर्षं कुणाला काही त्रास झाला नाही. यंदाच्या श्रावणात आमच्या सूनबाई, तनुजा, मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आल्या. "आई, तुमचा धबधबा फेमस झाला! हे बघा, पांढरधार!"

मी चष्मा लावून बघितलं. एक पोरगा पुढं उभा राहून नाचत होता आणि त्याच्या केसांच्या मागं कुठंतरी पांढरं पांढरं काही तरी हलत होतं. गुहा आहे का नाही हे त्या केसांमुळं शेवटपर्यंत कळलं नाही.

"आजी, मला तुझ्या गुहेत बसायचंय," नात सायली म्हणाली. तिला अकरावं चाललंय, पण प्रश्न वकिलासारखे विचारते.

हे सगळं घरातल्या घरात मिटवलं असतं. पण नेमक्या त्याच वेळी वच्छलाबाई विरजण मागायला दारात उभ्या. वाटी पुढं धरून त्या म्हणाल्या, "मी बी येते. बावीस वर्षं नुसतं ऐकतेय. एकदा डोळ्यांनी बघते." ज्या सुरात पोलीस पंचनाम्याला येतात त्या सुरात बाई म्हणाली.

मी जमेल तितकं मोडून बघितलं. श्रावणात साप निघतात म्हणलं. घाटात दरड पडते म्हणलं. माझा मुलगा राजेंद्र एरवी रविवारी दहाच्या आत डोळा उघडत नाही, साधं दळण आणायचं तर त्याला पाठ धरते. पण त्यानं शनिवारीच गाडी धुतली, हवा भरली. आईच्या मनाविरुद्ध असलं की या पोराच्या अंगात कुठून जोर येतो ते मला आजवर कळलेलं नाही.

मग मी न्हाणीघरात जाऊन, कडी लावून, कडुबाला फोन केला. "कडुबा, रविवारी येतो आम्ही. पांढरधारेला जायचंय. तू पुढं चालायचं, मी मागून व्हय व्हय करते."

तिकडून आधी तो खोकला. मग म्हणाला, "आक्का, गुडघा दुखतोय गं."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"गाडीत बसून दुखव," म्हणलं आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सहाला निघालो. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पिठलं आणि कांदे असा डबा केला होता. वच्छलाबाईंनी फक्त एक छत्री आणली आणि ती फुलंब्रीपर्यंत माझ्या बरगडीत ठेवली. सिल्लोड आलं तशा त्या काचेवर बोट ठेवून कापसाची प्रत्येक जिनिंग मिल कोणाच्या चुलतभावाची ते सांगायला लागल्या. मी डोळे मिटून घेतले. सिल्लोड संपल्यावर उघडले.

आता निमवाडीचं सांगते, कारण खरा घोटाळा तिथून सुरू झाला. राजेंद्रला वाटलं, पाच मिनिटं थांबू, मामाला गाडीत घेऊ आणि निघू. त्याला माहेर नाही, त्याला काय कळणार! लेक सासरहून गावात आली आणि ओटी न भरता वेशीबाहेर गेली तर गाव नाव ठेवतं. कडुबाच्या बायकोनं ओटी भरली. तेवढ्यात समोरच्या चुलतभावजयीनं बघितलं, तिनं बोलावलं. तिच्याकडं गेलं म्हणून तिच्या जावेकडं जावं लागलं. तीन घरं, तीन चहा, तीन नारळ, तीन खण आणि पदरात तीन घरांचे गहू. वच्छलाबाईंना पण प्रत्येक घरात कुंकू लावून खण दिला. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "माणसं चांगली हायत हो तुमची." त्यात 'तुम्ही मात्र' असं न बोललेलं होतं, ते मला ऐकू आलं.

माहेरचे गहू माहेरात झटकत नाहीत आणि वाटेत कुठं ठेवत नाहीत, घरी नेऊन शिजवतात. म्हणून मी नारळ आणि खण पिशवीत घातले, गव्हाच्या पदराची गाठ कमरेला खोचली आणि तशीच गाडीत बसले. कडुबा लंगडत आला. आधी उजव्या पायानं लंगडत होता, गाडीपाशी आला तेव्हा डाव्या.

जंगलाच्या तोंडाशी नाका होता. आडवा बांबू, एक टपरीएवढी खोली, आणि खाकीतला एक सावळा, सरळ वळणाचा माणूस. शर्टावर गोकुळ असं लिहिलेलं. टेबलावर हे एवढं रजिस्टर.

"आधार कार्ड दाखवा. नाव, वय लिहावं लागतं."

वय! वच्छलाबाई मला ताई म्हणतात ते मान म्हणून नव्हे, मी मोठी आहे हे गल्लीला कळावं म्हणून. मी त्यांना कधी वय सांगितलं नव्हतं आणि त्यांनी मला. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींकडं पाठ करून, कार्डं पुढं केली. गोकुळनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि मोठ्यानं वाचलं, "एक जून, सत्तावन. आणि एक जून, सत्तावन. जुळ्या बहिणी का?"

"कुणाच्या?" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

त्याचा काही दोष नाही. आमच्या काळी मास्तर शाळेत नाव घालताना सगळ्या गावाला एक जूनलाच जन्माला घालायचे. पण बावीस वर्षांचं ताईपण त्या टेबलावर गेलं. मग त्यानं शाईचा डबा पुढं केला. "आजी, अंगठा चालेल."

"तुझ्या आजीचा चालत असेल," म्हणलं. "मी चौथी झालेली हाय." आणि साळूबाई एवढी चार अक्षरं मी अशी दाबून काढली की खालच्या तीन पानांवर उमटली. वेळ लागला. मागं एक जळगावची गाडी हॉर्न वाजवत होती, तिला म्हणलं वाजव.

इतक्यात गोकुळचं लक्ष माझ्या कमरेकडं गेलं. "पदरात काय आहे? खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. वानरं अंगावर येतात."

डबा त्यानं आधीच ठेवून घेतला होता, तो मी जाऊ दिला. पण ओटी? "बाबा, हे खाद्य नाय. ओटी हाय."

"गहू आहेत ना?"

"गहू हायत, पण कच्चे. तू खाशील?"

तो विचारात पडला. माणूस प्रामाणिक, नियम मोडवेना आणि सवाष्णीची ओटी खाली ठेव म्हणवेना. त्याच्या घरी पण आई असणार. साहेबांना विचारतो म्हणून तो मागच्या टेकाडावर चढला, कारण रेंज तिथंच येते. वरून त्याचा आवाज येत होता, "नाही साहेब, गहू... नाही, शेती नाही... बाईच्या पदरात साहेब." वीस मिनिटांनी खाली आला आणि म्हणाला, ओटी, नारळासकट, धार्मिक साहित्यात धरायची, आणि धार्मिक साहित्य धबधब्याच्या कुंडात टाकणार नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे परत सही! या वेळी जळगावची गाडी वळून गेली.

गहू वाचले, पण नारळ वाचले नाहीत. आम्ही तीसेक पावलं गेलो असू, तर एक दांडगं काळतोंड्या वानर झाडावरून उतरलं, माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं, अगदी आहेर घेतल्यासारखी ती शांतपणे घेतली आणि परत वर गेलं. तिन्ही नारळ, तिन्ही खण. "साळूताई, तुमच्या माहेरचंच दिसतंय," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचे तिन्ही खण त्यांच्या ब्लाउजात सुरक्षित होते.

पुढं वाट दुभंगली. मी कडुबाकडं बघितलं. कडुबानं माझ्याकडं बघितलं.

"हो पुढं," मी म्हणलं.

"तू मोठी. तू हो," तो म्हणाला.

तिथं एक नवी कोरी पाटी होती. सायलीनं वाचली, "पांढरधार, बाण उजवीकडं." आता बघा, परमेश्वरानं वाट सरळ लिहून ठेवली होती. मी गप्प उजवीकडं वळले असते तर हा सगळा मजकूर इथंच संपला असता. पण वच्छलाबाई छत्री टेकवून हसल्या. "चला उजवीकडं. माहेरच्या माणसाला पण पाटी लागतीच की!"

माझ्या कानशिलात काही तरी तापलं. "पाटी पुण्यामुंबईच्या लोकांना असती," मी म्हणलं. "गावची वाट डावीकडून. काय कडुबा?"

"व्हय तर," कडुबा म्हणाला. त्याची मान हलली, पण डोळे हलले नाहीत.

डावीकडं गेलो. साग, करवंदीच्या जाळ्या, चिखल. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तनुजाची पांढरी चप्पल चिखलात राहिली आणि राजेंद्र ती काढायला वाकला तेवढ्यात मी कडुबाला जाळीमागं ओढलं. "अरे, कुठवर? खडक कधी येतो?"

कडुबा जमिनीकडं बघत पायानं माती उकरायला लागला. चौसष्ट वर्षांचा माणूस, नातवंडं असलेला. "आक्का," म्हणाला, "तात्यांनी मला तरी कुठं जाऊ दिलं?"

"म्हंजे?"

"खालच्या ओढ्यात डुबकी मारून यायचो. तू लई कौतुकानं ऐकायचीस. मग सांगायचो."

"आणि गुहा?"

"ती गणपा गुराख्यानं सांगितली. तो बी कुणाकडून ऐकून आला होता."

मला हसावं का याला चिखलात बसवावं कळेना. पन्नास वर्षं मी ज्या गुहेत केस विंचरले ती एका गुराख्याच्या तोंडातली. तरी पहिल्यांदा मनात आलं ते हे, की वच्छलाबाईंना कळता कामा नये. जगात गुहा असो नसो, ते माझ्या हातात नाही. वच्छलाबाईंना कळू न देणं माझ्या हातात होतं.

तेवढ्यात पुढून सायली ओरडली, "आजी, पाण्याचा आवाज!"

आवाज खरंच येत होता. काय सांगू, माझे डोळे भरून आले. आम्ही जाळी बाजूला करून धावलो. समोर सिमेंटचं एक गोल टाकं होतं. त्याच्या काठावर एक पाइप, आणि पाइपातून हातभर उंचीवरून पाणी पडत होतं. बाजूला उन्हाकडं तोंड करून ठेवलेली काळी काच होती, तिच्यावर पंप चालत असावा. टाक्याच्या कडेला एक म्हैस उभी होती.

"हाच का तो?" वच्छलाबाईंनी अगदी हळू विचारलं. हळू विचारण्यात काय काय असतं ते बायांना सांगायला नको.

मी सांगते, एका क्षणापुरती मी 'हाच' म्हणणार होते. म्हणणार होते की पूर्वी उंच होता, आता सरकारनं कमी केला. तोंड उघडलं पण. तेवढ्यात सायलीनं टाक्यावरची अक्षरं वाचली, "वन्य प्राण्यांसाठी पाणवठा. माणसांनी अंघोळ करू नये."

राजेंद्र असा हसायला लागला की त्याला खाली बसावं लागलं. म्हशीनंसुद्धा मान फिरवली.

मग शिटी वाजली आणि गोकुळ धावत आला. "आजी, पाटी लावलीय ना! दोन महिने भांडून पाटी आणली मी!" त्यानं आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं ओळीनं उभं केलं आणि परत दोन वाटांच्या फाट्याला नेलं. मी म्हणलं, "ही जुनी वाट. बदललेली दिसती." सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या. कधी कधी भांडण केलेलं परवडतं.

उजवीकडून पांढरधार दहा मिनिटांवर होती.

आता मी जरा खरं बोलते. वळण संपलं, झाडं बाजूला झाली आणि ती समोर आली, तेव्हा मी काय बोलायचं ते विसरले. उंचच उंच काळा कडा आणि त्यावरून दूध सांडावं तसं पाणी. पडायची घाई नाही, थांबायचं नाव नाही. गार तुषार तोंडावर आले. शेजारी कडुबा टोपी काढून उभा होता, तोंड उघडं. आम्ही दोघं बहीणभाऊ इतकी वर्षं जे एकमेकांना सांगत आलो ते त्याच्यापुढं काहीच नव्हतं. तो पुटपुटला, "आक्का, मी कमीच सांगितलं गं."

पण घोड्याचं तोंड कुठं नव्हतं, आणि धारेच्या मागं सरळसोट कातळ दिसत होता.

"आजी, गुहा कुठंय?" वकीलबाई म्हणाल्या.

"पाणी वाढलंय," मी म्हणलं. "पाण्यामागं हाय."

"लई पाणी," कडुबा म्हणाला.

"बघते मी," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी छत्री तनुजाकडं दिली, नऊवारीचा काचा मारला आणि बाई कडेकडेनं धारेकडं निघाल्या. त्या आत बघणार, परत येणार, आणि संध्याकाळी सगळ्या हर्सूलला समजणार. बावीस वर्षांनी विहीर जिंकणार. मी मनात निमवाडीचा मारुती, सिल्लोडचा मारुती, जो भेटेल तो मारुती बोलावला.

कुठल्या तरी एकानं ऐकलं. धारेच्या कडेला शेवाळावर वच्छलाबाईंचा पाय सटकला आणि त्या एका खडकामागं घरच्यांना दिसेनाशा झाल्या. मी माझ्या जागेवरून चांगलं पाहिलं. गुडघाभर पाण्यात बाई बुडावर बसल्या होत्या, डोक्यावर धार पडत होती आणि अंबाडा सुटून तोंडावर आला होता. राजेंद्र धावला, ओढून बाहेर काढलं. नाक्यावरून वळून गेलेली ती जळगावची पोरं आता परत येऊन फिदीफिदी हसत होती. एक म्हणाला, "आजी पडल्या!"

वच्छलाबाईंनी केस बाजूला केले. त्या पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि ताठ होऊन म्हणाल्या, "पडले नाय. गुहेत बसून आले."

सायलीनं टाळ्या वाजवल्या. कडुबा माझ्याकडं बघायला लागला. मी वच्छलाबाईंकडं, वच्छलाबाई माझ्याकडं. मला पक्कं माहीत, आत गुहा नाही. त्यांना पक्कं माहीत, आत गुहा नाही. पण गुहा नाही म्हणलं तर त्या पडल्या, आणि गुहा नाही म्हणलं तर मी बावीस वर्षं खोटी. मी विचारलं, "मग? सांगितली तशीच हाय ना?"

"अगदी तशीच," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

येताना डबा परत मिळाला. म्हणजे डबा मिळाला, दशम्या वानरांनी खोलीच्या खिडकीतून नेल्या होत्या. गोकुळनं रजिस्टरात तेही लिहिलं आणि सही मागितली. केली.

मला वाटलं, झाकलं गेलं. पण दुसऱ्याच दिवशी कॉलनीत नंतर झालेल्या सामाईक नळाला पाणी आलं. बाया ओट्यावर जमल्या आणि वच्छलाबाईंनी सुरू केलं. मंगळवारी गुहेत पाच बाया मावत होत्या. गुरुवारी दहा. शनिवारपर्यंत आत एक झरा निघाला आणि मोर आला. माझी गुहा! मी जपून वापरलेली, बावीस वर्षांत एक पायरी वाढवली नाही, आणि ही बाई पाच दिवसांत तिचं मंगल कार्यालय करून बसली. शेवटी कोणी तरी मला विचारलंच, "साळूताई, खरं का हो? आत मोर?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. वच्छलाबाईंच्या हातातली कळशी भरून वाहत होती तरी त्यांनी नळ बंद केला नाही. एका शब्दात मी त्यांना परत त्या पाण्यात बसवलं असतं.

"मोर हाय," मी म्हणलं. "पण आतल्या अंगाला एक कोनाडा हाय, तो यांना दिसला नसेल. मी लहानपणी तिथंच फणी ठेवायची."

वच्छलाबाईंनी नळ बंद केला. "दिसला की," म्हणाल्या. "फणी अजून तिथंच हाय."

झालं! आता पुढच्या रविवारी कॉलनीच्या सतरा बाया गाडी करून पांढरधारेला निघाल्यात, फणी बघायला. वाट दाखवायला आम्ही दोघी. काल सकाळी मी डोकं लढवून, चांगला विचार करून, गुडघ्याला बांधायला तनुजाची जुनी ओढणी घेतली आणि आधी वच्छलाबाईंना गाठू म्हणून त्यांच्या दारात गेले. बाई ओसरीत बसल्या होत्या. पाय पाटावर लांब केलेला, गुडघ्याला हळदीचा लेप, वर फडकं.

"काय सांगू साळूताई," त्या कण्हत म्हणाल्या, "रात्रीपासून इतका ठणकतोय!"

मी ओढणी पदराखाली सरकवली. आता रविवारच्या आत मला दुसरा अवयव शोधायला पाहिजे.